पंक्चरवाला चमचा आणि न चावलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे, पण मला ताटात शोधू नका. तिथे मी सापडणार नाही. आणि चमचा म्हणून फिदीफिदी हसूही नका! मी जन्मात कुणाची चमचेगिरी केलेली नाही. मी पंक्चर काढतो.

जन्म मात्र माझा चारचौघांसारखाच झाला. एका कारखान्यात जाड पोलादी पत्र्यातून आम्ही सहा भावंडं एकाच दणक्यात छापून निघालो. एका खोक्यात झोपून आम्ही एका पोस्टमनच्या घरी आलो. माझी भावंडं आमटीत बुडाली, खिरीत लोळली, सुखात राहिली. मला मात्र एका सकाळी पोस्टमनने स्वयंपाकघरातून गुपचूप उचललं. त्याची सायकल दारात उलटी पडली होती आणि स्क्रूड्रायव्हरने टायर उचकटताना ट्यूबला आणखी एक भोक पडलं होतं.

"स्क्रूड्रायव्हर चावतो," तो बायकोला म्हणाला. "मला न चावणारं काहीतरी पाहिजे."

"म्हणून माझा चमचा?" ती ओरडली. पण तोवर त्याने माझा दांडा दगडावर घासायला घेतलाही होता! काय सांगू, अंगाची नुसती आग झाली. कडा गोल झाल्या, टोक जरासं वाकलं, आणि मी टायर आणि रिम यांच्या मधे अलगद शिरायला शिकलो. ट्यूबला ओरखडासुद्धा नाही. तेव्हापासून एका पत्र्याच्या डब्यात माझा संसार सुरू झाला. शेजारी एक खरखरीत कानस, सोल्युशनची ट्यूब, जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे आणि लिमलेटच्या गोळ्या.

गोळ्या कशाला, असं तुम्ही विचारणारच. तोच तर त्या घराचा नियम होता. ट्यूब घासायची, सोल्युशन लावायचं आणि लगेच ठिगळ चिकटवायचं नाही. सोल्युशन वाळलं पाहिजे. ते वाळेपर्यंत माणसाचे हात शिवशिवतात, म्हणून तोंडात एक गोळी टाकायची. चावायची नाही. गोळी आपल्या आपण विरघळली की मगच ठिगळ. पोस्टमन म्हणायचा, "घड्याळाला फसवता येतं, गोळीला नाही."

त्याच्या मुलीने हा नियम पाळला. मोठी होऊन ती नर्स झाली, बापाची सायकल तिच्याकडे आली आणि सायकलीबरोबर आमचा डबाही. पण तिची मुलगी! तिला सगळे भिंगरी म्हणतात, आणि उगाच नाही म्हणत. तोंडात गोळी टाकली की कडाम्! चावून मोकळी.

"विरघळली!" ती म्हणायची.

"विरघळली की दळलीस?" म्हातारा पोस्टमन विचारायचा. मग ठिगळ संध्याकाळपर्यंत सुटायचं, आणि आजोबा-नात हसत हसत पुन्हा सायकल उलटी करायचे. माझे ते सगळ्यात सुखाचे दिवस. 'हा चमचा माझा उजवा हात आहे,' असं आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आपण कुणाचा तरी हात आहोत, हे ऐकायला किती छान वाटतं म्हणून सांगू!

मग आजोबा गेले. त्यानंतर काही महिन्यांनी भिंगरीने आईच्या वाढदिवसाला दुकानातून पंक्चरचा नवा संच आणला. पोपटी पिशवी, टायर उचकटायच्या पोपटी प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आणि सोल्युशन न लावता स्टिकरसारखी चिकटणारी ठिगळं. निवडला कसा, तर मडगार्डच्या रंगाला शोभतो म्हणून. आपल्या सायकलीचा टायर जुना, जाड आणि हट्टी आहे, त्याला या पट्ट्या पुरतील का, हे तिने पाहिलंच नाही. पण मुलीने प्रेमाने आणलेलं, आई काय बोलणार? नवी पिशवी सीटखाली लटकली आणि आमचा डबा तिच्या तळाशी गेला.

माझ्या वाट्याला तर वेगळाच वनवास आला. नर्सबाईंकडे लसी न्यायची एक पेटी होती. आत बर्फाच्या बाटल्या आणि त्यांच्या मधे लसी. पेटीच्या कडीची खिट्टी हरवली होती, म्हणून तिच्या जागी मला कोयंड्यात खुपसलं! पंक्चर काढणारा मी, दाराचा पहारेकरी झालो. आत गारठा, बाहेर ऊन, आणि दिवसभर कानाशी बर्फाचा खडखडाट. मनात म्हटलं, संपलं आपलं आयुष्य.

मित्रांनो, नाही संपलं. पुढचं ऐका.

कालव्यापलीकडे, खूप लांब, दगडाच्या खाणीवर कामगारांची वस्ती होती. तिथे जायला फक्त काठाची पायवाट. मागच्या खेपेला नर्सबाईंना उशीर झाला होता. बर्फ वितळला, लसी वाया गेल्या, आणि बाळांना कडेवर घेऊन ताटकळलेल्या बायका रिकाम्या परतल्या. 'पुन्हा काम सोडून बसणार नाही,' असं त्यांनी सांगून टाकलं होतं. नर्सबाईंनी हातापाया पडून आणखी एकदा बोलावलं होतं. आज पोचल्या नाहीत तर त्या बायका पुन्हा कधीच येणार नव्हत्या.

त्या दिवशी भिंगरीला सुट्टी होती.

"आई, मी चालवते. तू मागे बस, पेटी मांडीवर घे. नुसती उडवते तुला!"

"मागच्या चाकात हवा कमी आहे का गं?"

भिंगरीने चाकाला लाथ मारून पाहिली. "चालतंय की!"

चालतंय की! या दोन शब्दांनी जगात किती सायकली बसवल्या असतील, कोण जाणे. कालव्यावर लाकडी साकव होता आणि त्याची पहिली फळी जमिनीपासून वर आलेली. दोघींचं वजन, हवा कमी, आणि ही बया वेग कमी न करता त्यावर चढली. धाड! मग एक लांब, बारीक, जीवघेणा आवाज... फुस्स्स.

नर्सबाईंनी पेटी कानाजवळ नेऊन हलवली. आत बर्फ खडखडला.

"अजून घट्ट आहे," त्या म्हणाल्या. "काढ पंक्चर. लवकर."

भिंगरीने सायकल उलटी केली आणि पोपटी पट्टी टायरखाली घातली. जोर लावला. कट्! पट्टी मोडली. दुसरी घातली, ती नुसतीच वाकली आणि जीभ काढल्यासारखी लोंबू लागली.

"आई, हा टायर नाहीये, हा राक्षस आहे!"

"आजोबांचा चमचा घे."

"तो कुठाय आता?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी कोयंड्यात. मला काढलं तर पेटीचं झाकण उघडणार, गारवा निसटणार. एक क्षण नर्सबाई थांबल्या. मग त्यांनी मला सर्रकन ओढून काढलं आणि त्या चक्क पेटीवरच बसल्या. "घे. पण मी आता उठू शकत नाही. सगळं तुलाच करायचंय."

कितीतरी दिवसांनी मी पुन्हा टायर आणि रिम यांच्या मधे शिरलो. मी माझा रस्ता विसरलो नव्हतो. टायर मुकाट्याने बाहेर आला. तिने ट्यूब ओढली, सायकलीला अडकवलेल्या पंपाने हवा भरली, कालव्याच्या पाण्यात बुडवली. बुडबुडे!

"सापडलं!" तिने ट्यूब फ्रॉकला पुसली आणि स्टिकर चिकटवला.

"घासलीस का? पूर्ण कोरडी केलीस का?"

"स्टिकरला लागत नाही गं, पाकिटावर लिहिलंय."

टायर चढला, हवा भरली, मी परत कोयंड्यात गेलो. सायकल साकव ओलांडून जेमतेम बाभळीपर्यंत गेली असेल, आणि पुन्हा तेच. फुस्स्स.

तेवढ्यात मागून एक बाई आली. कडेवर बाळ, डोक्यावर पिठाचं गाठोडं. खाणीवरचीच होती ती.

"का हो ताई, आजपण बसली का गाडी?"

"येतेय मी. बायकांना थांबायला सांगा. एवढं कराच."

"सांगते. पण मागच्या वेळीपण मीच सांगितलं होतं. माझंच हसं झालं." ती दोन पावलं गेली आणि वळली. "भोंगा झाला की सगळ्या कामावर जातात बघा. मग मी काय त्यांना बांधून ठेवू?"

ती गेली. नर्सबाईंनी पेटी हलवली. खडखड थोडी, डुबुक जास्त. मित्रांनो, तो आवाज ऐकून माझं पोलादसुद्धा गार पडलं.

मग मला पुन्हा बाहेर काढलं, नर्सबाई पुन्हा पेटीवर बसल्या आणि मी पुन्हा कामाला लागलो. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, माझ्यामुळे झालं."

"रडायचं घरी. आत्ता पाण्यात बघ. आणि एक भोक सापडलं म्हणून लगेच बाहेर काढू नकोस."

तिने ट्यूब बुडवली. स्टिकरच्या कडेतून बुडबुडे येत होते, आणि बोटभर अंतरावरून आणखी एक माळ! फळीची कड आणि रिम यांच्या मधे चिमटली गेली की ट्यूबला जोडीने भोकं पडतात, सापाच्या दोन दातांसारखी. एक बुजवून उपयोग काय?

"डबा काढ," नर्सबाई म्हणाल्या.

पोपटी पिशवीच्या तळातून आमचा डबा बाहेर आला. माझे जुने सोबती! तिने स्टिकर सोलून फेकला. ट्यूब पुसली, उन्हात धरली, कानसेने खरखर घासली. सोल्युशनची ट्यूब दाबली, तर काही येईना. तोंड घट्ट झालं होतं. भिंगरीने मला तिच्या शेपटापासून तोंडापर्यंत लाटण्यासारखं फिरवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा एक थेंब आला. शेवटचा. आणखी एकदा चुकायची सोय आता उरली नव्हती.

तिने तो दोन्ही भोकांवर पसरला, एक लांबट ठिगळ निवडून त्यालाही लावला. डब्यात एकच गोळी होती, कागदाला चिकटून बसलेली. तिने ती जिभेवर ठेवली.

आणि मग, मित्रांनो, करायला काहीच उरलं नाही.

काहीच न करणं इतकं अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पेटीत डुबुक डुबुक. लांब खाणीकडून भोंगा अजून ऐकू आला नव्हता. पण कुठल्याही क्षणी होईल. भिंगरीच्या गालात गोळी या बाजूची त्या बाजूला गेली. मला दातांवर बारीकशी टकटक ऐकू आली. आता चावते... आता चावते...

"लावू का?" ती गोळी सांभाळत बोबडं बोलली.

"गोळी गेली?"

"नाही."

"मग मला काय विचारतेस?"

आईचा आवाज शांत होता, पण पेटीची कड तिने इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. भिंगरीने डोळे मिटले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. तिच्या हनुवटीवरून एक अश्रू ओघळला. जबडा मात्र हलला नाही.

किती वेळ गेला? मला घड्याळ कळत नाही. बर्फाचा आवाज बारीक बारीक होत गेला एवढं कळलं. मग भिंगरीने डोळे उघडले, तोंड आ करून आईला दाखवलं. जीभ लालभडक आणि रिकामी.

"आता," आई म्हणाली.

ठिगळ बसलं. भिंगरीने माझ्या फुगीर पाठीने ते दाबून दाबून चोळलं. टायरच्या आतून बोट फिरवून काटा वगैरे नाही ना ते पाहिलं. टायर चढवताना शेवटची कड बसेना, तिने माझ्याकडे हात नेला आणि मागे घेतला. आजोबांचं आठवलं असणार, काढताना चमचा, चढवताना अंगठे. अंगठे लालबुंद झाले, पण कड बसली. मग पंप. या वेळी तिने लाथ मारली नाही, अंगठ्याने दाबून पाहिलं. चाक दगडासारखं!

"आई, तू एकटीच जा. डबलसीट नको. मी धावत येते."

मी कोयंड्यात गेलो, पेटी कॅरियरला बांधली गेली आणि नर्सबाई निघाल्या. प्रत्येक खड्ड्याला मी कान टवकारत होतो, खाली फुस्स ऐकू येतंय का आणि आत खडखड उरलीय का. वळण आलं. वस्ती दिसू लागली. आणि तेव्हाच भोंगा वाजला.

झाडाखालच्या बायका उठत होत्या. एक तर पाठ फिरवून चालूही लागली होती. पिठाचं गाठोडं खाली ठेवून ती मघाची बाई वाटेत हात पसरून उभी होती. "अगं थांबा म्हणते ना! येणार म्हणाली होती ती!" आणि मग तिने मान वळवली. "बघा! आली! माझी लाज राखलीत हो ताई!"

नर्सबाईंनी मला बाहेर काढलं, झाकण उघडलं आणि एक बाटली उचलून हलवली. खड्. एकच आवाज झाला. बोराएवढा बर्फ होता तो, पण होता! लसी गार होत्या.

पहिल्या बाळाने टाहो फोडला तेव्हा भिंगरी धापा टाकत पोचली. इतकं गोड रडणं तिने आणि मी कधीच ऐकलं नव्हतं.

आता पेटीला नवी खिट्टी आहे आणि मी माझ्या डब्यात परत आलोय. डब्यात भिंगरीने स्वतः निवडलेलं ताजं सोल्युशन आणि जाड ठिगळं आहेत, आणि या खेपेला तिने रंग पाहिला नाही, टायर पाहिला. पोपटी पिशवी अजून तिथेच आहे. दिसते छान, मी कशाला नाही म्हणू?

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी जुनं, घासलेलं, खणात पडलेलं असेल. त्याला फेकण्याआधी एकदा त्याचं काम विचारा. सायकलवर बसण्याआधी चाकाला लाथ मारू नका, अंगठा लावा. आणि सोल्युशन वाळत असेल तर गोळी चावू नका. मी डब्यात असतो, पण मला सगळं ऐकू येतं.