बैलाच्या मुखवट्याची साक्ष

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. माझ्या फार जवळ येणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतं, असा माझा आजवरचा अनुभव आहे. कुणाला माझं शिंग हलवून पाहायचं असतं, कुणाला माझ्याबरोबर फोटो काढायचा असतो, तर कुणाला धूळ झटकल्याचं नुसतं नाटक करायचं असतं. मी एका नाटकमंडळीचा जुना मुखवटा आहे, बैलाच्या तोंडाचा. ग्रीक पुराणात मिनोटॉर नावाचा एक राक्षस आहे. त्याचं धड माणसाचं आणि डोकं बैलाचं. राजाने त्याला भुलभुलैयात कोंडलं आणि थिसियस नावाच्या वीराने आत शिरून त्याला ठार केलं. त्या गोष्टीवरच्या मुलांच्या नाटकात मी बावीस वर्षं राक्षस होतो. म्हणजे बावीस वर्षं रोज मरत होतो.

माझा जन्म मुखवटेवाल्या मावशींच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर झाला. मावशी कामाला चोख. आधी मातीचा साचा, त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाचे थर, त्यावर जुन्या चादरीच्या पट्ट्या, अशी त्यांची रीत होती. बैल खऱ्यासारखाच हवा, म्हणून त्या तीन दिवस एका गोठ्यात जाऊन बसल्या आणि दोरीने बैलाच्या तोंडाचं माप घेतलं. बैलाने ते मुकाट्याने घेऊ दिलं. मी असतो तर मला तिथेच संशय आला असता. माझ्या शिंगांत लाकडी दांडे बसवले, डोळे काचेचे, चांगले टपोरे लावले. शेजारणी येऊन म्हणाल्या, "अगदी जिवंत वाटतो हो!" मावशी खूश झाल्या.

नाटक दोन दिवसांवर आलं तेव्हा मला डोक्यावर चढवणारा नट मापासाठी आला. मंडळीत त्याला सगळे बैलोबा म्हणत. उंचापुरा, ओठांवर हसू नाही, पण वागायला लोण्यासारखा मऊ. त्याने मला घातलं आणि आतून त्याचा आवाज आला.

"मावशी, अंधार आहे हो."

"असा कसा अंधार? डोळ्यांतून बघ की."

"डोळे माझ्या कानांपाशी आलेत."

बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि माणसाचे समोर. मावशींनी बैलाचं माप इतकं चोख घेतलं होतं, की आत माणूस जायचा आहे हेच त्या विसरून गेल्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्याच हातांवर चाललेलं. मंडळीला हे कळलं असतं, तर पुढचं काम दुसऱ्या कुणाला गेलं असतं. शेवटी त्यांनी सुरी घेतली, माझ्या दोन्ही नाकपुड्या आरपार कापल्या आणि तिथे काळी जाळी लावली. मान उंच केली, की पावलांपुढची हातभर जमीन त्यातून दिसायची. मान खाली घातली, की काहीच नाही.

"कुणाला बोलू नकोस रे बाबा," मावशी म्हणाल्या.

"नाही बोलत. पावलं मोजत जाईन."

आणि तो खरोखर बावीस वर्षं पावलं मोजत गेला. भुलभुलैयाच्या दारातून बाहेर यायचं, नऊ पावलं चालायची, थांबायचं, मान खाली घालून शिंगं जोरात फिरवायची. थिसियस झालेले हिरोसाहेब समोर जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीवर उभे असत. शिंगं त्यांच्यापासून हातभर लांबून जात आणि प्रेक्षकांतली मुलं किंचाळत. बैलोबा चालताना मान उंच ठेवी. एका वर्तमानपत्राने लिहिलं, की राक्षसाची ती गर्विष्ठ मान पाहून अंगावर काटा येतो. गर्व कसला डोंबलाचा, बिचारा जमीन शोधत असे!

कौतुक झालं ते माझं आणि हिरोसाहेबांचं. पडदा पडला की ते पुढच्या दाराने हारतुरे घेत बाहेर पडत आणि बैलोबा मागच्या दाराने, घामाने निथळत. त्याला त्याचं काही वाटत नसे. मला मात्र वाटे. हिरोसाहेबांवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. तो माणूस माझ्याशी लढताना माझ्याकडे बघतच नसे, बघायचा तो दिव्याकडे. उजेड आपल्या चेहऱ्यावर पडतो आहे ना, एवढीच त्याला काळजी.

तो दिवस रविवार होता, दुपारचा खेळ. बैलोबाची नऊ वर्षांची लेक पहिल्या रांगेत बसली होती. आम्ही दारातून निघालो. मी नेहमीप्रमाणे आतली मोजदाद ऐकत होतो. सात, आठ, नऊ. बैलोबाने मान खाली घातली, शिंगं फिरवली, आणि माझं डावं शिंग कशावर तरी खाडकन आपटलं. हिरोसाहेब आडवे झाले. त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. माझे डोळे बाजूंना आहेत, त्यामुळे त्या गडबडीत बैलोबा वळला तेव्हा मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. पांढरी पट्टी दोन पावलं मागे होती आणि तिच्यावर कुणीच नव्हतं. हिरोसाहेब उजेडासाठी पुढे सरकले होते.

पण मुखवट्याची साक्ष कोण घेतो?

हिरोसाहेब दवाखान्यातून म्हणाले, "त्याने मुद्दाम मारलं. माझ्यावर जळायचा तो." झालं. सगळ्यांना एकाएकी सगळं आठवू लागलं. तो कधी हसत नव्हता म्हणे. हारांकडे टक लावून बघायचा म्हणे. व्यवस्थापकांनी मला टेबलावर ठेवलं आणि माझ्या काचेच्या डोळ्यांवर टिचकी मारून विचारलं, "एवढे मोठे डोळे आहेत याला. तुला समोरचा माणूस दिसला नाही?"

बैलोबाने मावशींकडे पाहिलं. मावशी दाराशीच उभ्या होत्या, पदराचं टोक बोटांना गुंडाळत.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

मावशींनी पदर सोडला आणि त्या दारातूनच घरी निघून गेल्या. मिनोटॉरलाही आई होती, पण गोष्टीत ती पुढे कुठेच दिसत नाही. ज्या बाईने मला घडवलं, तिचा मला त्या दिवशी फार राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. बैलोबाची नोकरी गेली. "राक्षसाने डाव साधला" अशी बातमी छापून आली. माझी रवानगी माळ्यावर झाली.

माळ्यावर माझी शेजारीण होती मेड्युसा, म्हणजे ग्रीक गोष्टीत वीराने जिचं मुंडकं उडवलं त्या राक्षसिणीचा मुखवटा, केसांच्या जागी कापडी साप असलेला. तिचे दोन साप उंदरांनी कुरतडले होते. तिथे पडल्या पडल्या आम्ही खालची नाटकं ऐकत असू. आधी वीर शूर होते. मग कुणीतरी वीरांची टिंगल करणारं नाटक आणलं. त्यानंतर वारं फिरलं आणि राक्षसांना बरे दिवस आले. मेड्युसाला खाली नेलं, रंगवलं, तिच्यावर कसा अन्याय झाला यावर दोन अंकी नाटक केलं. ती परत आली ती जाहिरातीतल्या बाईसारखी तोऱ्यात. मी तिला म्हटलं, "यांचा काही नेम नाही हो. उद्या पुन्हा मुंडकं उडवतील."

मग एक दिवस नव्या दिग्दर्शिका बाई शिडी चढून वर आल्या. त्यांनी मला उचललं आणि म्हणाल्या, "आता तुझी बाजू सांगायची." मला घाम फुटायचाच बाकी होता. माझी बाजू? बाई, माझी बाजू तुम्हाला कुणी सांगितली? तालमीत त्या सगळ्यांना सांगत, की ज्याचं कुणी ऐकत नाही त्याला जग राक्षस म्हणतं. वाक्य छान होतं. छान वाक्यांचा मला नेहमीच संशय येतो. ही बाई मला रंग फासणार, भिंतीवर चिकटवणार आणि हारतुरे घेऊन पुढच्या दाराने जाणार, अशी माझी खात्री होती.

पण एक दिवस बाईंनी मला स्वतःच्या डोक्यावर चढवलं. बैलोबानंतर हे धाडस कुणीच केलं नव्हतं. चार पावलं चालल्या आणि खुर्चीला अडखळल्या.

"अहो, यातून काही दिसत नाही!" त्या आतून ओरडल्या. "हा घालून काम कोण करायचं?"

दिव्यांचं काम बघणारे काका मंडळीतले सर्वांत जुने. ते म्हणाले, "होता एक बैलोबा. त्याने नेम धरून हिरोसाहेबांना शिंग मारलं."

बाईंनी मला काढून हातात धरलं. "दिसतच नाही, तर नेम कसा धरला?"

काका बराच वेळ दिव्याची तार गुंडाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "साहेब दोन पावलं पुढे आले होते. मी वरून पाहिलं होतं. पण त्यांच्याविरुद्ध कोण बोलणार?"

बाईंनी त्यांच्याकडून पत्ता घेतला आणि दुसऱ्याच दिवशी मला पिशवीत घालून निघाल्या. माझा संशय खोटा ठरला, याचा मला अजून थोडा राग आहे.

दार लेकीने उघडलं. आता ती चाळिशीची बाई झाली होती, हातात इस्त्री. मला पाहताच तिचा चेहरा उतरला. शाळेत तिला सगळे राक्षसाची पोर म्हणत.

"हे कशाला आणलंत इथे? झालं तेवढं पुरे नाही का?"

"एकदा घालून बघा," बाई म्हणाल्या. "एकदाच. मग मी जाते."

बैलोबा खिडकीजवळच्या खुर्चीत होता. केस पांढरे, खांदे अजून रुंद. त्याने मला ओळखलं. लेकीने इस्त्री बाजूला ठेवली आणि रागारागानेच मला डोक्यावर ओढलं. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग तिचे हात हवेत चाचपडू लागले.

"बाबा, अंधार आहे."

"मान वर कर. नाकपुडीतून बघ."

तिने मान वर केली. "तुमचे पाय दिसतायत. नुसते पाय."

"हं. तेवढंच दिसायचं."

ती लवकर बाहेर आली नाही. माझा आतला कागद तिच्या गालांपाशी ओला झाला. कागदाला ओल वाईट, पण मी कुरकुर केली नाही. आतूनच तिने विचारलं, "मग तेव्हा मला का नाही सांगितलंत?"

"मावशींना शब्द दिला होता. त्या गेल्या वर्षी गेल्या." मग तो म्हणाला, "आणि तू विचारलं कुठे होतंस, बाळा? मुद्दाम मारलंत ना, असं म्हणाली होतीस."

मित्रांनो, नव्या नाटकासाठी बाईंनी समोर डोळे असलेला नवा मुखवटा करून घेतला. मी बैलोबाच्या घरीच राहिलो. आमच्यासारख्या जुन्या मुखवट्यांना जपा, ओल लागू देऊ नका, वर्षातून एकदा ऊन दाखवा. आणि कुणाचा संशय आला, तर खुशाल येऊ द्या, मलाही येतो. फक्त त्याला जाऊन विचारा, आणि विचारताना उत्तर आधीच ठरवून जाऊ नका. या घरात त्या एका वाक्यापायी बाप आणि लेक एकतीस वर्षं एकाच टेबलाशी जेवले, आणि मीठ दे, पाणी दे, यापलीकडे एकमेकांशी बोलले नाहीत.