ग्रुपवरची माफी

खेमराजचा अंगठा नेहमीच त्याच्या डोक्याच्या दोन पावलं पुढे असायचा. त्या सकाळी तो शेतावर गेला, तर त्याच्या धानाच्या बांधीतलं पाणी दोन शेतांमधल्या धुऱ्यापलीकडे केशोरावच्या धानात वाहत होतं. तलावाच्या पाण्याची पाळी त्या दिवशी खेमराजची होती. धान पोटरीत आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात, पावसानं पाठ फिरवलेली, आणि गडी मुळातच तापट. त्यानं फोटो काढला, खाली 'केशोराव पाणीचोर' असं लिहिलं आणि गावतलावाच्या पाणीवाटप ग्रुपवर टाकून मोकळा झाला. ग्रुपवर एकशे चाळीस माणसं.

दुपारी धुरा खोदला, तर आत खेकड्यानं पाडलेलं भोक निघालं, चांगला हात जाईल एवढं. खेमराजचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं ग्रुपवरचा मेसेज मिटवला आणि केशोरावला वेगळा पाठवला, 'माफ करा काकाजी, गैरसमज झाला.' त्याच्या लेखी विषय संपला.

पण केशोराव तलावावर येईनात. चाळीस वर्षं कोणाच्या शेतात किती पाणी सोडायचं ते हाच माणूस ठरवत आला, आणि कोणी कधी हूं की चूं केलं नव्हतं. आता चार दिवस त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नाही.

"गावासमोर चोर म्हनलं, अन् माफी मांगली कानात," खेमराजची बायको शामकला म्हणाली. "असं कसं जी?"

"मिटवला ना मेसेज!"

"सबनं वाचल्यावर मिटवून का फायदा?"

खेमराज उठला आणि केशोरावकडे गेला. ते ओसरीत बसले होते. त्यांच्या सुनेनं, चेतनानं, पाणी आणून दिलं आणि ती दाराशी थांबली.

"काकाजी, मी माफीचा मेसेज केलो होतो," खेमराज म्हणाला.

"तो वाचला सुनेनं. मले कुठं वाचता येते?" केशोराव शांतपणे म्हणाले. "पहिलाबी तिनंच वाचला. वाचता वाचता थांबली. मी म्हनलो, वाच बाई, का लिवलं आहे? मंग वाचलं तिनं. सुनेच्या तोंडून सासऱ्यानं सोताले चोर म्हनलेलं आयकावं, खेमराज?"

खेमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण काय करून बसलो ते त्याला आत्ता कुठे कळलं. त्यानं फोन काढला. पण लिहून उपयोग नव्हता, ते पुन्हा चेतनालाच वाचावं लागलं असतं. त्यानं ग्रुप उघडला आणि फोन तोंडाजवळ धरला.

"मी खेमराज बोलून राहिलो. केशोराव काकाजीनं पानी चोरलं नाही. धुरा खेकड्यानं फोडला होता. पाह्यलं नाही, पुसलं नाही, अन् मी त्याहिले चोर म्हनलो. चूक माही आहे. सबाईसमोर माफी मांगतो."

चेतनाकडे असलेला केशोरावचा फोन वाजला. तिनं आवाज मोठा केला आणि फोन सासऱ्यापुढे ठेवला. शेजारच्या घरांतूनही तेच बोलणं थोडं मागेपुढे ऐकू येऊ लागलं.

"पुना लाव, बाई," केशोराव म्हणाले.

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते उठले आणि पायांनी चपला चाचपू लागले.

"चाल, तलावावर," ते खेमराजला म्हणाले. "चार दिवसात पान्याचा सत्यानाश करून ठेवला असन तुमी."