पंप नंबर चौदा

मनालीने लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि पडद्यावरच्या लाल रेघेवर बोट टेकवलं.

“पप्पा, हा बघा चोर!”

जयराम नुकतेच ड्युटीवरून येऊन चहा गाळत होते. गाळणी हातातच राहिली.

शहराच्या पाण्याच्या पंपांना लागणाऱ्या विजेची तासातासाची नोंद आता कोणालाही ऑनलाइन बघता येत होती. कुठे ती वाया जाते, कुठे कोळसा फुकट जळतो, हे शोधणं मनालीच्या संस्थेचं काम. तीन आठवडे डोळे फोडून तिने हा पंप पकडला होता. पोरगी हवेत होती, असणारच.

“नंबर चौदा. सकाळी सातला बंद व्हायला हवा, पण रोज नऊपर्यंत चालतो. हा एक वठणीवर आला तरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात किती कोळसा वाचेल! आज अकरा वाजता पालिकेच्या साहेबांसमोर मांडायचंय.”

“चौदा माझा आहे, मीच चालवतो तो,” जयराम म्हणाले.

मनाली हसली, आणि मग तिचं हसू जागीच गोठलं. यादीत पत्ते नव्हते, नुसते नंबर. घरात तर सगळे ‘टाकीचा पंप’च म्हणायचे.

“पप्पा, रिटायरमेंटला सात महिने राहिलेत तुमच्या! का पण चालवता नऊपर्यंत?”

“सातला बंद केला तर टेकडीवरच्या वस्तीला थेंब चढत नाही. अगदी वरच्या घरातल्या भिमाबाईचा हंडा भरायला नऊ वाजतात. अकरा वर्षं चालवतोय. वहीत मात्र सातच लिहितो. खरं लिहिलं असतं तर बंदच करायला लावला असता.”

मनालीने दुसरा एक सरकारी कागद उघडला, चार वर्षांपूर्वीचा, तोही सगळ्यांसाठी खुला, आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

‘टेकडी वस्ती: सातपर्यंत पुरेसे पाणी पोचते. वेगळ्या छोट्या पंपाची गरज नाही. आधार: पंपचालकाची नोंदवही.’

जयरामांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

“म्हणजे माझ्या वहीमुळे?”

“छोटा पंप असता तर पाव विजेत भागलं असतं,” ती बोलून गेली, आणि लगेच तिला स्वतःचाच राग आला.

ते स्टुलावर मटकन बसले. ज्यांच्यासाठी अकरा वर्षं नोकरी पणाला लावली, त्यांचाच पंप आपण अडवून धरला, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

“मी चौदा नंबर यादीतून काढते,” मनाली घाईघाईने म्हणाली. “कोणाला कळणारसुद्धा नाही.”

“काढू नको. नाव घाल माझं. वही खोटी आहे, तेही लिही, म्हणजे वस्तीला छोटा पंप तरी मिळेल.”

मनालीची बोटं हलेनात. तेव्हा जयरामांनीच लॅपटॉप पुढे ओढला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, चौदा नंबरापुढे स्वतःचं नाव लिहायला घेतलं.