भिंतीकडची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. आणि आधीच सांगते, दया दाखवायला येणार असाल तर माझ्यावर बसू नका. देशोदेशींच्या वाटाघाटी जिथे चालतात, त्या सभागृहात मी भिंतीला लागून उभी असते.

सुताराने आम्हा सगळ्या खुर्च्या एकाच लाकडातून घडवल्या. पण टेबलाशी बसणाऱ्यांच्या फोटोत मागची डोकी येऊ नयेत, म्हणून व्यवस्थापकाने आम्हा भिंतीकडच्यांचे पाय वीतभर कापून घेतले. टेबलाशी मोठे देश बसत आणि बोलत. भिंतीकडे लहान देश बसत आणि ऐकत. भिंतीकडचे किती शांत असतात, असं अध्यक्ष कौतुकाने म्हणायचे. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका वर्षी माझ्यावर एक प्राध्यापिका येऊन बसली. ती आपल्या लहानशा देशाची प्रतिनिधी होती. टेबलावर धरणाचा आराखडा पसरला होता. त्यातून दोन मोठ्या देशांना वीज मिळणार होती, आणि बुडणाऱ्या खोऱ्यात तिची आई राहत होती. तिच्याच देशाचा म्हातारा वकील शेजारी होता. त्याने तिची समजूत घातली, की बाई, मनाला लावून घेऊ नका, जग हे असंच चालतं, त्यावर मोठमोठे ग्रंथ लिहिलेले आहेत.

"लिहिलेत ना, काका. पण लिहिणारे बसले होते कुठे? टेबलाशी. तिथून जग असंच दिसतं," ती म्हणाली. "मी वर्गात मुलांना एवढंच विचारायला शिकवते, हा नियम केला कुणी आणि सोय कुणाची झाली?"

मग ती उठली आणि मला फरफटत टेबलाशी घेऊन गेली. माझे पाय फरशीवर असे करकरले की बोलणारे गप्प झाले. ती बसली, तर टेबल तिच्या हनुवटीला आलं. कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांनी घाईघाईने उशी मागवली.

"उशी नको," ती म्हणाली. "पाय कापलेत ते सगळ्यांना दिसू देत. आता खोऱ्याबद्दल बोलू."

आणि ती बोलली, अगदी पोटतिडकीने. धरण रद्द झालं असं नाही. पण त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत, त्या आजही अडून आहेत. तिची आई अजून त्याच घरात राहते.

दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापकाने आम्हा भिंतीकडच्यांना स्क्रू मारून फरशीला जखडून टाकलं. बाकीच्या खुर्च्यांनी रडून घेतलं. मला मात्र हसू आवरेना. जग जर आपसूकच असं चालतं, तर त्याला स्क्रू कशाला लागतात?

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा असं तुम्हाला शिकवलं जातं. माझं पॉलिश उडालं आहे, धूळ पुसलीत तर बरंच वाटेल. पण माझ्या मागच्या पायाचा एक स्क्रू ढिला झाला आहे. कृपा करून तो आवळू नका.