मनकर्णाबाईंच्या केळीवरचा काळा कण

मी एक जुना टायर होतो. आज काजळीचा कण आहे, इतका बारीक की तुमच्या पापणीवर बसलो तरी कळणार नाही. तरी मित्रांनो, माझी हकीगत ऐका.

कारखान्यात रबर, गंधक आणि काजळी एकत्र करून मला घडवलं. निंबोल्याच्या पंडितभाऊंच्या ट्रॅक्टरला मी लागलो. आठ वर्षं केळीने भरलेली ट्रॉली ओढली. चिखलात कधी रुतलो नाही, म्हणून भाऊ मला थोपटून म्हणायचे, "हा गडी दगा देत नाही." मग नक्षी झिजली आणि मी गोठ्यामागे पडलो. माझ्यात पाणी साचलं, डास झाले, येता-जाता शिव्या खाल्ल्या. वाईट वाटायचं.

यंदा भाऊंच्या पत्नी मनकर्णाबाईंनी अर्धा एकर केळी पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर लावली. रोपं हातभर झाली आणि कडाक्याची थंडी पडली. अशा थंडीत बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायची इथली रीत आहे. पण भाऊ म्हणाले, "पाल्यानं काय होतं? टायर जाळू. धूर जितका काळा, तितकी गरमी जादा."

रोज सकाळी माझा एकेक तुकडा पेटू लागला. पुन्हा कामाला आलो म्हणून मी हरखलो, खोटं कशाला बोलू?

माझी काजळी झाली, माझ्यातल्या गंधकाचा वायू झाला. आम्ही दोघेही पानांवरच्या दवात उतरलो. नुसत्या पाण्यात त्या वायूचं आम्ल व्हायला वेळ लागतो. माझ्या अंगावर ते झटपट होऊ लागलं. मी मात्र होतो तसाच राहिलो. चौथ्या दिवशी पानांवर तांबूस डाग पडले.

मनकर्णाबाई चहासुद्धा न घेता बांधावर बसून राहिल्या. त्यांची सून हिमानी इथून जवळच्याच लालबागच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने दवात निळा लिटमस कागद बुडवला. तो लाल झाला.

"आई, थंडीनं नाही, आपल्याच धुरानं पानं जळाली. टायरचा गंधक अन् काजळी दवात मिळाली, पाणी खट्टं झालं."

"म्या तर रोज त्या धुराला हात जोडले, बाई."

भाऊंनी माझा उरलेला तुकडा उचलला आणि गोठ्यामागे परत नेला.

तेव्हापासून दोघी ओल्या फडक्याने एकेक पान पुसताहेत. मधल्या नव्या पानाचा कोवळा पोंगा अजून हिरवा आहे, म्हणजे रोप वाचेल.

मित्रांनो, जुन्या टायरचा झोका बांधा, त्यात माती भरून फुलं लावा, पण त्याला काडी लावू नका. मनकर्णाबाईंचं फडकं आता माझ्या पानाशी आलं आहे. त्यांनी मला चांगलं घासून पुसावं, एवढंच माझं मागणं आहे.