पळपुट्याचा कप

त्या कारखान्यात कपबश्या घडायच्या, आणि माणसांची नावंही. नवं माणूस आलं की पहिल्या आठवड्यात त्याने आपला कप स्वतः घडवायचा. शनिवारी रंगारी त्यावर टोपणनाव रंगवायचा आणि कप भट्टीत जायचा. एकदा भाजलं की नाव पुसायची सोय नाही. पॅकिंगमधली तोंडाला कुलूप नसलेली बाई 'रेडिओ', तर भट्टीच्या धगीत उभं राहूनही कधी न तापणारा मुकादम 'बर्फ'.

ती नवी मुलगी सोमवारी कामाला लागली आणि चहाच्या खोलीत शिरताच दारात थबकली. भिंतीवरच्या खुंट्यांना पन्नासेक कप टांगलेले होते, वारलेल्यांचेसुद्धा. तिसऱ्या रांगेत निळ्या कडेचा एक कप, त्यावर ठळक अक्षरांत 'पळपुट्या'.

तो तिच्या बाबांचा. लहानपणी एकदा बाजारात कुणीतरी पलीकडून त्यांना तशी हाक मारली होती आणि आईचा चेहरा पडला होता. जुन्या भट्टीची चिमणी कोसळली तेव्हा हाच सगळ्यांच्या आधी पळाला, ही माहिती शेजारणीने पुरवली. अशा कामात शेजारणी कधी कंटाळत नाहीत. आईने घरी विचारलं, तर बाबा म्हणाले, "हो, पळालो ना," आणि हसत चहा पीत राहिले. आईच्या मात्र ते जिव्हारी लागलं. तेव्हापासून ती कारखान्याच्या फाटकासमोरून जाईना. बाजाराला जायचं तर तळ्याकडून लांबचा फेरा. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तरी फेरा चालूच होता.

इथे खऱ्या नावाने कुणी कुणाला ओळखत नव्हतं, म्हणून तिचं गुपित आठवडाभर टिकलं. शनिवारी रंगाऱ्याने तिचा कप पुढ्यात घेतला.

"हिने आठवडाभर तोंडात मिठाची गुळणी धरलीय," मुकादम म्हणाला. "'मुकी' लिहून टाक."

'मुकी' म्हणजे सुटकाच होती. गप्प बसली असती तर जन्मभर निभलं असतं. पण तिची नजर त्या निळ्या कडेवर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "काका, पळून गेलेल्या माणसाचा कप कशाला जपून ठेवलाय?"

"पळून गेलेला?" मुकादम पहिल्यांदाच तापला. "बस खाली. अगं, त्याचं आधीचं नाव 'निवांत'. घराला आग लागली तरी उरलेला चहा संपवून उठेल असा गडी. बारा वर्षांत त्याला भरभर चालताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही एकतीस जण चहा पीत होतो. हा दारात उभा राहून वर बघत होता. अन् एकदम धूम ठोकली! एक शब्द नाही. ओरडला असता तर आम्ही चार शंका काढल्या असत्या. पण निवांत पळतोय म्हटल्यावर विचारतंय कोण? सगळे त्याच्या मागे. शेवटचा माणूस बाहेर पडला आणि चिमणी खोलीच्या छपरावर आली. तो शेवटचा मी."

"मग नाव असं का?"

"सगळ्या कपांचा चुरा झाला होता. नवे केले तेव्हा त्याच्यावर 'देवमाणूस' लिहिणार होतो. तोच म्हणाला, असलं काही लिहिलंत तर त्यातून चहा पिणार नाही. पळालो, तेवढंच लिहा."

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि ती सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. "काका, ते माझे बाबा."

रेडिओसुद्धा बंद पडला. रंगाऱ्याने घसा खाकरला. "मग 'मुकी' रद्द. काय लिहू?"

"पळपुट्याची पोर."

घरी तिने आईला सगळं सांगितलं. आई ऐकता ऐकता उठली. मग बाबांच्या फोटोकडे वळून कडाडली, "एवढी वर्षं मला तळ्याला फेऱ्या मारायला लावल्या! दोन शब्द जास्त बोलला असतात तर काय जीभ झिजली असती?" आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली.

सोमवारी दुपारी पहारेकरी चहाच्या खोलीत आला. "फाटकावर एक बाई आल्यात. नाव विचारलं तर म्हणाल्या, 'पळपुट्याची बायको.' तेही एवढ्या मोठ्यांदा, की रस्त्यावरचे लोक थांबले. बाजारातून सरळ रस्त्याने आल्यात म्हणे. चहा मिळेल का, विचारतायत."

मुकादम उठला, तिसऱ्या रांगेतला निळ्या कडेचा कप त्याने खुंटीवरून काढला आणि धुवायला घेतला.