त्रिनिदादचे शुभेच्छुक

"त्रिनिदादचा निकाल आत्ताच लिहून ठेव. आपला फ्लेक्स लागला की उमेदवार पडत नाही," बद्रीनाथने बायकोला ऐकवलं.

"गेल्या वेळचे तिघेही पडले," विजयमाला म्हणाली.

"ते स्वभावामुळे पडले."

कसबा पेठेतल्या त्याच्या फ्लेक्स डिझाइनच्या दुकानात हल्ली गिऱ्हाईक येण्यापेक्षा वीज जाण्याचं प्रमाण जास्त होतं. विजयमालाने शेवटचं सांगून टाकलं होतं: हे काम नीट झालं तर दुकान राहील, नाहीतर कुलूप लावायचं आणि वाघोलीला तिच्या भावाच्या, सर्जेरावांच्या टाइल्सच्या दुकानात काउंटरवर बसायचं. बद्रीनाथला टाइल्सचं वावडं नव्हतं. सर्जेरावांचं होतं.

काम आणलं वरच्या मजल्यावरच्या स्वरालीने. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे काका त्रिनिदादमध्ये संसदेला उभे होते. छपाई तिकडे, डिझाइन फक्त इथून. काकांची मागणी साधी: आपला फोटो, नाव, पक्षाचं चिन्ह. बाकी जागा मोकळी.

मोकळी जागा बघून बद्रीनाथ कळवळला. बोट ठेवायला जागा उरेल असा फ्लेक्स त्याने आयुष्यात केला नव्हता. मधे नेता, वर थोरामोठ्यांची रांग, खाली शुभेच्छुक. त्याशिवाय माणसाला घरचे तरी विचारतात का, अशी शंका येते. त्याने इंटरनेटवर त्रिनिदादचे पुढारी शोधले आणि भारदस्त चेहरे निवडून वर बसवले. शुभेच्छुक कॉम्प्युटरमध्ये तयारच होते. मंडळाचे खजिनदार, जिमचे मालक आणि गॉगल लावून, मोबाइल कानाला धरलेले सर्जेराव.

स्वराली मीटिंगमध्ये होती. फाइल न उघडताच तिने "मस्त काका" लिहिलं आणि पुढे पाठवून दिली.

आठवड्याभरात ती फोन हातात घेऊन खाली आली.

"काका, वरच्या रांगेत हा हसतोय तो कोण?"

"असेल कोणी मोठा माणूस. मिशी चांगली वाटली."

"हा समोरचा उमेदवार आहे."

बद्रीनाथने जरा विचार केला. "मग बरंच की. त्याचाही पाठिंबा."

तिकडच्या लोकांचीही हीच समजूत झाली होती. आपल्या माणसाने माघार घेतली असं धरून त्याचे कार्यकर्ते घरी जाऊन बसले, आणि तो बिचारा रेडिओवर मी अजून उभा आहे म्हणून शपथा घेत फिरत होता. इथवर काकांचं काही बिघडलं नव्हतं. पण मग तिकडच्या पत्रकारांची नजर खालच्या रांगेकडे गेली. पहिल्या पानावर गॉगलसकट सर्जेराव छापून आले. ह्या परदेशी माणसाचा आपल्या निवडणुकीत काय संबंध, असा खाली सवाल होता. काकांनी सगळे फ्लेक्स उतरवले आणि पुण्याचं नाव माझ्यापुढे काढू नका, असा निरोप पाठवला.

विजयमालाने कुलूप शोधायला घेतलं. तेवढ्यात सर्जेरावांचा फोन आला. पेपरचा फोटो तिनेच त्यांना पाठवला होता.

"दाजी, तिकडं पयल्या पानावर आलोय म्हनं मी?"

"चुकून झालं हो."

"चुकून कशाला? आमच्या भावकीत एकाचा बी फोटो तालुक्याभाईर गेला न्हाई. दुकानावर लावायला मोठा फ्लेक्स करा. आन् काउंटरचं ऱ्हाऊ द्या आता. असा हात हाय तुमचा, तिथं बसून काय करताय?"

विजयमालाने शोधाशोध थांबवली आणि चहा टाकला, तोही न मागता.

रविवारी बद्रीनाथ फ्लेक्स घेऊन वाघोलीला गेला. दुसऱ्या कुणाच्या हातून हा लावायचा नाही, म्हणून स्वतःच शिडीवर चढला. सर्जेराव खालून थोडं डावीकडं, थोडं वर, असं सांगत होते. शेवटची दोरी बांधताना शिडी सरकली. बद्रीनाथला फारसं लागलं नाही. तो नुकत्याच उतरवलेल्या इटालियन टाइल्सवर पडला. सोमवारपासून तो काउंटरवर बसतो.